मागून आलेली दाढ

पहिलीच्या वर्गात एक बातमी वर्षभर चालू असते. ‘बाई, माझा दात पडला!’ आज याचा, उद्या तिचा. पडलेला दात कागदाच्या पुडीत असतो, कंपासपेटीत असतो, कधी घामेजलेल्या मुठीत असतो. घरी नेऊन तो कौलावर फेकायचा, म्हणजे नवा चांगला येतो. तासगावकडच्या आमच्या खेड्यांत आता कौलं कमी आणि स्लॅब जास्त, तरी आज्या नातवंडांना अंगणात उभं करतात आणि दात वर भिरकवायला लावतात. बोळक्या हसण्याचे फोटो निघतात, मामाला पाठवले जातात. पडलेल्या दाताचं असं साग्रसंगीत कौतुक होतं.

त्याच महिन्यांत, त्याच तोंडात, सगळ्यात मागे एक मोठी दाढ वर येत असते. तिला जागा करून द्यायला दुधाचा एकही दात पडत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे हिरडी थोडी फुगते, मूल दोन दिवस एका बाजूने जेवतं, आणि दाढ निघते. वर दोन, खाली दोन. कुणी फोटो काढत नाही, बहुतेक घरांत तर ती आली हेच कळत नाही. ही कायमची दाढ. सहाव्या वर्षी आली की पुढची साठ-सत्तर वर्षं भाकरी चावायची ती तिनेच. तिला पर्यायी दाढ नाही.

सबंध नोकरी पहिली-दुसरीच्या मुलांत गेल्यामुळे माझी नजर या दाढेवर जाते. मुलं मोठ्याने बाराखडी म्हणतात, खदखदून हसतात, ‘आ’ करून जांभई देतात, तेव्हा शिक्षकाला डॉक्टरांच्या आधी तोंडं दिसतात. दुसरी संपेपर्यंत कितीतरी मुलांच्या या नव्या दाढेवर मधोमध काळी रेघ उमटलेली असते. तिसरीत तिथे खड्डा असतो. पालकांना सांगावं तर उत्तर ठरलेलं. मागे एक वडील मला अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, ‘बाई, दुधाचीच हाय न्हवं ती. पडंल की.’ त्यांचं लेकरावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण ती पडणारी नाही, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मला हा सगळा लेख त्या एका वाक्यासाठी लिहावासा वाटतो.

या दाढेचं कठीण होणं मुलाच्या जन्माच्या सुमारास सुरू होतं. तीन वर्षांचं होईपर्यंत तिचा वरचा भाग हिरडीच्या आत तयार असतो. म्हणजे आईच्या मांडीवरच्या बाळाच्या जबड्यात ती घडतच असते. बाहेर येते सहा-सातव्या वर्षी, आणि तिची मुळं पुरी व्हायला नववं-दहावं वर्ष उजाडतं. दातावरचं एनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमलचं तसं नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच संपून जातात, म्हणून एकदा खड्डा पडला की शरीर तो बुजवू शकत नाही. खड्डा पडण्याआधी खनिज थोडंसं निघून गेलं असेल तर लाळेतून आणि फ्लोराइडमधून ते परत बसू शकतं. त्यामुळे जे काही करायचं ते खड्ड्याच्या आधी.

आणि खड्डा कुठे पडतो? दाढेच्या चावायच्या पृष्ठभागावर उंचवटे असतात आणि उंचवट्यांच्या मधे खाचा. वरून पाहिलं तर साध्या रेघा दिसतात. पण कित्येक मुलांत या खाचा आत खोल आणि इतक्या अरुंद असतात की टूथब्रशचा एक केसही त्यांत शिरत नाही. आई कितीही दक्ष असली, मूल कितीही शहाणं असलं, तरी खाचेच्या तळाशी ब्रश पोचणं शक्यच नसतं. शिवाय नवी दाढ वर येत असते तेव्हा बरेच महिने शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते. ब्रश शेजारणीवरून सरकतो आणि हिच्यावरून तसाच निघून जातो. नुकत्याच उगवलेल्या दाढेचं एनॅमल पुरतं पक्कंही झालेलं नसतं, ते लाळेतली खनिजं घेत घेत पुढच्या काही वर्षांत पक्कं होतं. फ्लोराइडची पेस्ट फार मोलाची, पण तिचा जोर दाताच्या गुळगुळीत बाजूंवर जास्त आणि खाचांत कमी. अमेरिकेच्या रोगप्रतिबंधक केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, हिशेब असा की मुलांच्या कायमच्या दातांतल्या दहापैकी नऊ किडी मागच्या दाढांत होतात. म्हणूनच ज्या घरात रात्रीचं ब्रशिंगसुद्धा नेमाने होतं, त्या घरातल्या मुलाचीही दाढ किडते, आणि आई स्वतःला बोल लावत बसते.

आपल्या सांगली जिल्ह्यात तर गोडाला तोटा नाही. कृष्णाकाठी ऊस, साखर कारखाने, शिराळ्या-वाळव्याकडची गुऱ्हाळं, तासगावचे बेदाणे. हंगामात पोराच्या हातात उसाचं कांडकं असतं आणि खिशात मूठभर बेदाणे. ऊस चावला की दात साफ होतात असं जुनी माणसं सांगतात. चोथा दातांवर घासला जातो हे खरं, पण त्यातून सुटणारा रस साखरेचाच असतो. तरीही मला दोष उसाला द्यावासा वाटत नाही. माझी काळजी वेगळीच आहे. शाळेच्या फाटकाबाहेर पाच-दहा रुपयांना मिळणारी क्रीमची बिस्किटं आणि कुरकुरीत पाकिटं यांचा लगदा दाढेच्या खाचेत घट्ट बसतो आणि चघळायची गोळी विरघळून जाते त्यानंतरही कितीतरी वेळ तिथेच राहतो. तोंडातले जंतू ही साखर, हा स्टार्च खाऊन आम्ल तयार करतात. आम्लता मोजायचा पीएच हा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधलं खनिज सुटू लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते, साधारण अर्ध्या-पाऊण तासात गाडी रुळावर येते. पण तेवढ्यात दुसरं बिस्किट आलं तर? दिवसात किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला म्हणूनच जास्त महत्त्व.

मग एक दिवस ठणका लागतो. आमच्याकडे त्यावर लवंग आहे, मिठाच्या गुळण्या आहेत, मेडिकलमधून आणलेली गोळी आहे. माझ्या लहानपणी भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतला किडा पाडणारी माणसं गावोगाव होती, आणि धुरी घेतलेली माणसं किडा पाहिल्याचं शपथेवर सांगत. मूल मात्र रात्रभर उशी ओली करतं, सकाळी गालावर फडकं बांधून वर्गात बसतं किंवा येतच नाही. दाढ दुखत असताना वजाबाकी सुचत नाही हो. मी पाहिलेलं आहे. हुशार, बडबडी मुलगी आठवडाभर मिटून जाते, डबा तसाच परत नेते, आणि शेवटी दाढ काढून टाकली जाते. आठव्या-नवव्या वर्षी कायमची दाढ काढायची! मग शेजारचे दात त्या जागेत कलंडतात, समोरची दाढ खाली उतरते, चावणं एका बाजूला सरकतं. हे सगळं पुढे आयुष्यभर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांना कीड असल्याचं म्हटलं आहे. आपल्या देशात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. आकडे मोठे आहेत, पण मला तो एकेक मिटलेला चेहरा जास्त छळतो. कारण यातला बराच भाग टळण्यासारखा आहे, आणि टाळायचा उपाय गेली पन्नासहून अधिक वर्षं उपलब्ध आहे.

खाचाच बुजवून टाकायच्या, हा तो उपाय. कीड लागायच्या आधी.

ही कल्पना कशी सुचली, ती गोष्ट मोठी उद्बोधक आहे. खाचांतच कीड सुरू होते हे दंतवैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण तिथे काही चिकटून राहत नव्हतं. म्हणून १९२३ साली हायट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने सुचवलं की निरोगी दाढेच्या खाचा आधीच कोरून त्यांत भरण करून टाकावं. म्हणजे उद्या कीड पोखरणार म्हणून आज आपणच पोखरायचं. हेतू चांगला होता, पण चांगला दात कापावा लागत होता. वाट सापडली १९५५ मध्ये. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे मायकेल बुओनोकोर हे संशोधक दातांवर काम करत होते. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून तो पत्रा आधी फॉस्फोरिक ॲसिडने धुतात हे त्यांना माहीत होतं. तेच त्यांनी दातावर करून पाहिलं. ॲसिडने एनॅमलचा वरचा अगदी पातळ थर खरखरीत होतो, त्यात सूक्ष्म छिद्रं पडतात, आणि त्यांवर रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखा पातळ पदार्थ, सोडलं की ते छिद्रांत शिरून तिथेच घट्ट होतं. गवंडी गुळगुळीत भिंतीला आधी छिन्नीने खाचे पाडतो, तेव्हा गिलावा धरतो, तसंच हे. पुढे राफाएल बोवेन यांनी शोधलेल्या रेझिनमुळे टिकाऊ पदार्थ हाती आला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खाचा बुजवणारा हा लेप, म्हणजे सीलंट, बाजारात आलं. एकाही निरोगी दाताला ड्रिल न लावता. दंतवैद्यकात इतकी सौम्य, इतकी समजूतदार गोष्ट दुसरी क्वचितच असेल असं मला वाटतं.

माझ्या नातवाला सीलंट लावलं तेव्हा मी लेकीबरोबर गेले होते. सांगलीत विश्रामबागेत दवाखाना. पोरगं सुईच्या भीतीने कासावीस होतं. डॉक्टरबाईंनी आधी आरसा त्याच्याच हातात दिला आणि म्हणाल्या, ‘आज सुई नाही, मशीनची घरघर नाही. नुसता रंग लावायचाय.’ ब्रशने दाढ घासून स्वच्छ केली, धुतली. गालाच्या आत कापसाच्या गुंडाळ्या आणि लाळ ओढून घेणारी बारीक नळी. मग निळ्या रंगाचं जेल खाचांवर. पंधरा-वीस सेकंद थांबून पाण्याने धुतलं, हवेने कोरडं केलं, तेव्हा दाढ खडूसारखी पांढुरकी दिसू लागली. त्यांनी मला बोलावून ती दाखवली. त्यावर पातळ सीलंटचा थेंब सोडला, टोकदार सुईसारख्या हत्याराने तो खाचांतून फिरवला आणि वर निळा लाइट धरला. वीसेक सेकंदांत कडक. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन कुठे उंच लागतंय का पाहिलं. चारही दाढांना मिळून आमची पोहे खायची वेळही टळली नाही. पोरगं खुर्चीवरून उतरलं ते आरसा मागतच.

सगळी मेख कोरडेपणात आहे, हे डॉक्टरबाईंनी आवर्जून सांगितलं. ॲसिड धुतल्यावर लाळेचा एक थेंब जरी दाढेवर गेला तरी पकड बिघडते आणि सीलंट लवकर निघतं. म्हणून दाढ अर्धवटच वर आलेली असेल, मागे हिरडीची झालर असेल, मूल फार चुळबुळं असेल, तर तात्पुरतं ग्लास आयोनोमर नावाचं दातांचं सिमेंट लावतात. ते ओलावा सोसतं, थोडं थोडं फ्लोराइडही सोडत राहतं. टिकायला रेझिनपेक्षा कमी, पण दाढ पूर्ण वर येईपर्यंतचा धोक्याचा काळ निभावून नेतं.

लेकीचे प्रश्न कुठल्याही आईचे असतात तेच होते, आणि ते रास्तच होते. दाताला ॲसिड? हो, पण दाताच्या अगदी वरच्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या थराला, काही सेकंद. आणि सीलंटखाली न आलेला खरखरीत भाग लाळेतल्या खनिजांनी पुन्हा सावरतो. आत चुकून जंतू अडकले तर? वरून खाणं बंद झाल्यावर त्यांची उपासमार होते, त्यांची संख्या घटत जाते. नुकती सुरू झालेली, अजून खड्डा न पडलेली कीडसुद्धा सीलंटखाली थांबते असं अभ्यासांत दिसलं आहे. प्लॅस्टिकचा अपाय? काही रेझिनांतून बिस्फेनॉल-ए हे रसायन अत्यल्प प्रमाणात, तेही पहिल्या काही तासांत लाळेत उतरतं. लावल्यावर पृष्ठभाग पुसून चूळ भरली की तेही कमी होतं. निघालं तर? पुन्हा लावायचं. निघालेल्या सीलंटची दाढ कधीच सीलंट न लावलेल्या दाढेपेक्षा जास्त किडत नाही, हेही तपासून झालेलं आहे. दर सहा महिन्यांनी नुसती नजर टाकायची.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट सांगायला हव्यात. सीलंट चावायच्या पृष्ठभागापुरतं. दोन दातांच्या फटीत होणारी कीड त्याने थांबत नाही, म्हणून फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीचा ब्रश सुटत नाही. खाचा उथळ असल्या आणि तोंडात कीड मुळीच नसली तर डॉक्टर थांबायलाही सांगतील. पण जिथे लागतं तिथे फरक मोठा आहे. सीडीसी सांगते की मागच्या दाढांतली कीड सीलंटमुळे पहिली दोन वर्षं ८० टक्क्यांनी कमी होते, आणि चार वर्षांपर्यंत निम्म्याने टळते. सीलंट नसलेल्या शाळकरी मुलांत या पहिल्या दाढेची कीड सीलंट असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट.

आता पैशाचं बोलू. खाजगी दवाखान्यात एका दाढेच्या सीलंटला काही शे रुपये पडतात. रूट कॅनाल आणि कॅपला काही हजार. माझ्या नातवाला पहिलं मिळालं कारण त्याची आई शिकलेली, दवाखाना सायकलच्या अंतरावर. माझ्या वर्गातल्या मुलाला दुसरंही मिळत नाही, त्याची दाढ काढली जाते. ही तफावत मला सहन होत नाही, आणि ती फक्त पालकांच्या जागरूकतेने भरून निघेल असंही मला वाटत नाही. गळीत हंगामात कारखान्यांच्या आजूबाजूला कोप्या पडतात. बीडकडून, जतकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं काही महिने आमच्या बाकांवर बसतात. हंगाम संपला की गेली. या मुलांना कुठला सहा महिन्यांनी फॉलोअप! त्यांना जे द्यायचं ते इथे असताना, एकाच बैठकीत द्यायला हवं.

आणि ते देता येतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतात, मुलांची तपासणी करतात, त्यांच्या यादीत दातही आहेत. मात्र पथकाला दात सापडतो तो किडल्यावर, आणि मग चिठ्ठी मिळते. ज्याच्या घरून चिठ्ठी घेऊन कुणी जातं त्याचं होतं. त्याच दिवशी शाळेच्या वर्गात, बाकावर मुलाला आडवं करून, कापूस आणि बॅटरीच्या उजेडावर ग्लास आयोनोमर लावता येतं. त्याला वीज लागत नाही, खुर्ची लागत नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं ते याचसाठी. अमेरिकेत शाळांतून सीलंट लावण्याचे कार्यक्रम चालतात. आणि आपल्याकडे काय कमी आहे? १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक उपचाराला या गावी येत आले. सांगलीच्या आसपास दंत महाविद्यालयं आहेत, शिकणारी तरुण मुलंमुली आहेत, हात शिवशिवणारे आहेत. पहिलीच्या मुलांची यादी प्रत्येक शाळेत जूनमध्येच तयार असते. लसीच्या नोंदीशेजारी या चार दाढांची नोंद का नसावी? मी आमच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत हे मांडलं आहे आणि मांडत राहणार आहे.

तोवर पालकसभेत मी घरी करायची एक गोष्ट शिकवते. मूल सहा वर्षांचं झालं की मोबाइलची बॅटरी लावा, मुलाला मोठा ‘आ’ करायला सांगा आणि पुढच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मागे मोजत जा. सहाव्या जागेवर काही असेल तर ती कायमची दाढ. पाचच असतील तर ती अजून यायची आहे, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बघा. आली की ब्रश बाजूने, गालाकडून आडवा धरून तिच्यावर फिरवा, सात-आठ वर्षांपर्यंत स्वतःच्या हाताने फिरवा, आणि जवळच्या दंतवैद्याला एकदा दाखवा.

गेल्या सभेनंतर एक आजी मागे थांबल्या. त्यांनी तिथेच व्हरांड्यात नातीला ‘आ’ करायला लावलं होतं आणि बोटाने मोजलंही होतं. ‘बाई, सहावी हाय. दोन्हीकडनं हाय.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘हिच्या थोरल्या भावाची पार किडलीया वो. अकरा वर्साचा हाय. त्याचं काय आता व्हायचं न्हाई न्हवं?’

‘होईल की आजी,’ मी म्हटलं. ‘किडलेली आहे ती भरून घ्या, काढू नका. आणि त्याच्या मागं बाराव्या वर्षाच्या आसपास अजून एक कायमची दाढ येते. तिला सीलंट लावून घेता येईल. दोघांनाही एकदमच घेऊन जा.’

त्यांनी दवाखान्याचा वार विचारला. मी वहीच्या कागदावर लिहून दिला.